बिली जीन किंग कप म्हणजे काय? महिला टेनिसच्या ‘वर्ल्डकप’ची माहिती, बार्शी-पुण्याच्या मुलींचाही सहभाग

एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडा संकुलात न्यूझीलंड, थायलंड, हाँगकाँग, चायनीज तैपेई आणि दक्षिण कोरिया या पाच ठिकाणचे महिला टेनिस संघ भारताशी खेळायला आले होते. भारताच्या संघात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती, पुण्याची वैष्णवी आडकर होती. त्या आठवड्यात आपल्याकडे पारावर चर्चा मात्र फक्त आयपीएलची. ही स्पर्धा कोणती आणि तिचे नियम काय, असं नंतर दोन-तीन वाचकांनी विचारलं, म्हणून ही माहिती.

स्पर्धेचं नाव बिली जीन किंग कप. पुरुषांचा जसा डेव्हिस कप, तसा हा महिलांचा. विम्बल्डनसारख्या स्पर्धेत खेळाडू स्वतःसाठी खेळते, बक्षिसाचे पैसेही तिचेच. इथे मात्र देशाचा संघ उतरतो. संघासोबत एक कॅप्टन असतो, तो स्वतः खेळत नाही. तो कोर्टाच्या कडेला बसतो आणि बाजू बदलताना खेळाडूला दोन गोष्टी सांगतो.

एका देशाची दुसऱ्या देशाशी जी लढत होते तिला टेनिसमध्ये ‘टाय’ म्हणतात. टाय म्हणजे बरोबरी असं आपण समजतो, तिथे घोटाळा होतो. हल्ली एका टायमध्ये तीन सामने असतात, दोन एकेरी आणि एक दुहेरी. यात्रेतल्या कुस्तीच्या फडात जशी तोलामोलाची जोड लावतात, तसंच इथेही आहे. आधी दोन्ही संघांच्या दोन नंबरच्या खेळाडू भिडतात, मग एक नंबरच्या, शेवटी दुहेरी. ज्याचे दोन सामने झाले त्याची टाय. म्हणजे तुमच्याकडे कितीही भारी खेळाडू असली, तरी ती एकेरीचा एकच सामना जिंकून देणार. दुसरा कोणीतरी काढावाच लागतो. इथे बऱ्याच देशांचं गणित फसतं.

ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेच्या हेझल हॉचकिस वाइटमन यांनी १९१९ मध्येच महिलांची अशी स्पर्धा हवी म्हणून मांडणी केली. पुरुषांचा डेव्हिस कप तेव्हा सुरू होऊन १९ वर्षं झाली होती. पण कुणी मनावर घेतलं नाही, आणि त्यांच्या नावाचा वाइटमन कप १९२३ पासून फक्त अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात खेळला गेला. सगळ्या देशांसाठी स्पर्धा व्हायला १९६३ साल उजाडलं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाला तेव्हा ५० वर्षं पूर्ण झाली होती. लंडनच्या क्वीन्स क्लबवर १६ देश जमले. बक्षिसाची रक्कम नव्हती, येण्याजाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. नाव होतं फेडरेशन कप.

पहिल्या फायनलला अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया. एकेरीत १-१. दुहेरीत अमेरिकेच्या डार्लीन हार्ड आणि १९ वर्षांची बिली जीन मॉफिट पहिला सेट ३-६ हरल्या, दुसरा १३-११ काढला (तेव्हा टायब्रेक नव्हता) आणि तिसरा ६-३. कप अमेरिकेला. हीच मॉफिट लग्नानंतर बिली जीन किंग झाली. खेळाडू आणि कॅप्टन म्हणून मिळून तिने हा कप दहा वेळा उचलला. महिलांना पुरुषांएवढंच बक्षीस मिळावं म्हणून ती भांडली, आणि १९७३ मध्ये अमेरिकन ओपनने ते मान्य केलं. फेडरेशन कपचं नाव १९९५ मध्ये फेड कप झालं, सप्टेंबर २०२० मध्ये तिचं नाव दिलं गेलं.

या स्पर्धेतली मला सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट १९८६ ची, प्राग शहरातली. मार्टिना नवरातिलोवा ही मूळची तिथलीच. १९७५ मध्ये तिने चेकोस्लोव्हाकियाला हा कप जिंकून दिला आणि त्याच वर्षी देश सोडून अमेरिकेत आसरा घेतला. ११ वर्षांनी ती माघारी आली, पण अमेरिकेच्या संघातून. तिथल्या सरकारला हे खुपत होतं. कोर्टावर तिची ओळख करून देताना नावसुद्धा घेतलं नाही, अमेरिकेची खेळाडू एवढंच. लोकांनी काय केलं? टाळ्या वाजवून तिला डोक्यावर घेतलं. फायनलमध्ये तिने त्यांच्याच हाना मांडलिकोवाला हरवलं, अमेरिका ३-० ने जिंकली, तरी टाळ्या थांबल्या नाहीत. माहेरी आलेल्या लेकीला उंबऱ्यावर अडवावं आणि भावकीने हाताला धरून आत न्यावं, तसला हा प्रकार.

आजवर सगळ्यात जास्त म्हणजे १८ वेळा अमेरिकेने कप घेतला. चेकोस्लोव्हाकिया आणि आताचा चेक देश मिळून ११. अलीकडे इटलीचा जोर आहे. २०२४ ला स्पेनमधल्या मालागात आणि २०२५ ला चीनमधल्या शेनझेनमध्ये, असा लागोपाठ दोनदा त्यांनी कप नेला.

आता आपल्या देशाचं बघू. शेवटच्या फायनल्सला आठच देश असतात, तिथवर भारत अजून पोचलेला नाही. वाट शिडीसारखी आहे. आधी आशिया-ओशनिया गट एक, तिथून प्ले-ऑफ, तिथून पात्रता फेरी, मग फायनल्स. बरीच वर्षं आपण पहिल्याच पायरीवर होतो.

मार्च २०२० मध्ये दुबईत ती पायरी पहिल्यांदा ओलांडली. शेवटची टाय इंडोनेशियाशी होती. ऋतुजा भोसले पहिली एकेरी हरली, अंकिता रैनाने दुसरी जिंकून बरोबरी केली, सगळं दुहेरीवर आलं. सोबतीला सानिया मिर्झा, बाळंतपणानंतर नुकतीच पुन्हा खेळायला लागलेली. सानिया-अंकिताने पहिला सेट ७-६ असा ओढून काढला आणि दुसरा ६-० ने. आमच्याकडे तेव्हा रात्रपाळीची लाईट होती. मोटर चालू करून बांधावर बसलो होतो, मोबाईलवर फक्त आकडे हलत होते, तरी उठून दोन फेऱ्या मारल्या. त्या वर्षीचा फेड कप हार्ट पुरस्कार सानियाला मिळाला. भारतीय खेळाडूला तो पहिल्यांदाच. बक्षिसाचे २००० डॉलर तिने तेलंगणाच्या मुख्यमंत्री सहायता निधीला दिले. पुढचा प्ले-ऑफ कोरोनामुळे लांबला. एप्रिल २०२१ मध्ये लाटव्हियात जाऊन आपण १-३ हरलो, पण फ्रेंच ओपन जिंकलेल्या ओस्टापेंकोला अंकिताने तीन सेटपर्यंत झुंजवलं.

दुसऱ्यांदा हे जमलं ते पुण्यात. पहिल्या दिवशी न्यूझीलंडकडून हार झाली, मग राहिलेल्या चारही टाय जिंकून भारत दुसरा आला. श्रीवल्ली भमिडीपाटीने पाचच्या पाच एकेरी सामने जिंकले. पण आधी सांगितलं ते गणित आठवा. तिच्या एकटीच्या विजयाने टाय हाती येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळुरूच्या प्ले-ऑफला ते जाणवलं. स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स, दोघांशीही आपण हरलो आणि परत आशियाच्या गटात आलो.

दुहेरीची खेळाडू म्हणून प्रार्थनाचं महत्त्व यासाठीच. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने सानियासोबत दुहेरीत कांस्यपदक घेतलंय. ऋतुजाने २०२३ मध्ये हांगझोऊला रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पेपरात एकेरीवालीचा फोटो मोठा येतो, ते सोडा. १-१ झाल्यावर कॅप्टन कोणाला उठवतो ते बघत जा.