स्मृतिभ्रंश : एका रेघेचा इतिहास

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे आणि हसत हसत वापरलीही आहे. मीही वापरली आहे. परंतु म्हण म्हणजे निदान नव्हे, हे मला फार उशिरा कळले. ते कसे कळले, तेथूनच आरंभ करतो.

वीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनमध्ये एक जॉबर होते. यंत्रमागावर नुसता हात ठेवून बिघाड सांगणारे. चौपन्नाव्या वर्षी ते हातात पाना घेऊन मागापुढे नुसते उभे राहू लागले. पगाराचा हिशेब चुकू लागला. मालकाने त्यांना काढले. ते माझ्याकडे आले तेव्हा मी म्हणालो, “मामा, आधी दारू सोडा, मग बोलू.” त्या माणसाने उभ्या जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता! पुढे मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि स्मृतिभ्रंश असल्याचे निष्पन्न झाले. साठी व्हायची होती म्हणून म्हण लागू पडेना. तेव्हा आम्ही माणसालाच दोषी धरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, बाकीचे सारे वाचनालयात झाले. तेथेच मी या रोगाचा शोध घेऊ लागलो.

१९०१ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. वय ५१, नवरा रेल्वेत कारकून. डॉ. अलॉइस अल्झायमर तिची तपासणी करीत. पेन्सिल, किल्ली, सिगार दाखविली की ती नाव बरोबर सांगे; थोड्या वेळाने काय दाखविले होते ते मात्र तिला आठवत नसे. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमर तेव्हा म्यूनिक येथे होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर साका साचलेला होता आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता झालेला होता. गुंता म्हणजे काय, हे मागावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे सारे मांडले. श्रोत्यांपैकी एकानेही प्रश्न विचारला नाही.

१९१० साली त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. पण त्याबरोबर एक रेघही ओढली गेली. म्हातारपणाआधी बुद्धी गेली तर तो हा दुर्मिळ रोग. म्हातारपणी गेली तर ते वयोमान! वस्तुतः प्रागच्या ऑस्कार फिशर यांनी १९०७ सालीच वृद्धांच्या मेंदूत तसाच साका दाखविला होता. तरीही ती रेघ साठएक वर्षे टिकली. आम्हां चळवळीतल्या लोकांना असली रेघ चांगली ओळखीची आहे. हजेरीपटावर नावापुढे एकदा ती मारली, की त्या माणसाची चौकशी कोणी करीत नाही.

ती चौकशी न्यूकॅसल येथे झाली. ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या आप्तांना साधे प्रश्न विचारले : पैशाचा व्यवहार जमतो काय? ओळखीच्या रस्त्यावर चुकतात काय? मृत्यूनंतर त्या वृद्धांच्या मेंदूतील साके मोजले. बुद्धी जितकी अधिक ढळलेली, तितके साके सामान्यतः अधिक, असे त्यांनी १९६८ साली दाखविले. १९७६ साली अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी स्पष्ट लिहिले, की हे दोन रोग नव्हेत, एकच आहे. ज्याला दुर्मिळ म्हणत होते तो घरोघरचा निघाला.

निदानाचा इतिहासही असाच आहे. १९७५ सालची फोल्स्टाइन यांची ३० गुणांची चाचणी जगभर पसरली. तिच्यात वाक्य लिहावे लागते, शंभरातून सात-सात वजा करावे लागतात. ज्याने शाळाच पाहिली नाही, तो येथे नापास होणार. त्यात त्याच्या स्मृतीचा काय दोष? म्हणून मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगड भागात निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार केली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आता तर जिवंत माणसाच्या मेंदूतील साका छायाचित्रात दिसतो आणि २०२५ साली अमेरिकेत रक्ताच्या चाचणीलाही मान्यता मिळाली. पण विसरणारा प्रत्येक माणूस या रोगाचा नसतो. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाचे औदासीन्य यांनीही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत.

आता कारणे. वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत. परंतु ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ साली आवरता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दूषित हवा, एकटेपणा आहेत; तसेच बालपणी न मिळालेले शिक्षण आणि मध्यमवयात गेलेले कानही आहेत. या साऱ्या दूर झाल्या तर सुमारे ४५ टक्के रोग टळेल अथवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. तो अंदाज आहे, हमी नव्हे.

आमचे मामा तिसरीतून शाळा सोडून कांड्या भरू लागले आणि मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. त्यांचा रोग त्यामुळेच झाला, असे मी म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांत कानाच्या संरक्षणाचे कलम मी एकाही मागणीपत्रकात घातले नव्हते. आता घालतो. मामांची क्षमा मागायला मी गेलो होतो. त्यांनी मला ओळखले नाही.