इंधनकार्यक्षमतेतील अचानक घट (जुनी व्हॅन)

इंधनकार्यक्षमतेतील अचानक घट म्हणजे मार्ग, भार आणि चालक तेच असताना वाहनाने एका लिटर इंधनात कापलेले अंतर थोड्याच दिवसांत लक्षणीयरीत्या कमी होणे होय. वर्षानुवर्षांच्या झिजेमुळे होणारी मंद घट आणि ही अचानक घट यांत मूलभूत भेद आहे. मंद घटीमागे अनेक लहान कारणे एकत्र असतात. अचानक घटीमागे मात्र बहुधा एकच कारण असते, आणि ते नुकत्याच घडलेल्या एखाद्या गोष्टीशी निगडित असते: दुरुस्ती, बदललेले टायर, नवा पेट्रोल पंप, पहिला पाऊस. या लेखात मारुती ओम्नी या भारतीय व्हॅनच्या अनुषंगाने अशा घटीच्या निदानाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

ही गाडी इ.स. १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' या नावाने बाजारात आली. १९८८ मध्ये तिला 'ओम्नी' हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मारुती ८०० प्रमाणेच तीन सिलिंडरांचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन तिच्यात असून ते पुढील आसनांच्या खाली बसविलेले असते. शक्ती मागील चाकांना दिली जाते. आरंभीच्या गाड्यांत कार्बोरेटर होता, नंतरच्या गाड्यांत इंधन-अंतःक्षेपण (एमपीएफआय) प्रणाली आली. महाराष्ट्राच्या शहरांत व तालुक्यांच्या गावी शाळेतील मुलांची ने-आण, रुग्णवाहिका आणि किरकोळ मालवाहतूक यांसाठी ही गाडी दीर्घकाळ वापरात आहे. इंजिन प्रवाशांच्या इतके निकट असल्याने इंधनाशी संबंधित बिघाड हा या गाडीत केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही.

खर्चाचा प्रश्नही लहान नाही. महिन्याला १,५०० किलोमीटर धावणारी शालेय व्हॅन लिटरला १४ किलोमीटर देत असेल, तर तिला सुमारे १०७ लिटर पेट्रोल लागते. हेच प्रमाण १० वर आले तर १५० लिटर लागते. पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये धरल्यास फरक महिन्याला सुमारे ४,३०० रुपयांचा होतो, आणि पालकांकडून घ्यावयाचे मासिक शुल्क जूनमध्येच ठरलेले असल्याने तो चालकाच्याच खिशातून जातो.

संज्ञा

बोलीभाषेत या गुणाला 'ॲव्हरेज' असे म्हणतात. 'गाडी ॲव्हरेज देत नाही' हा वाक्प्रयोग सर्वपरिचित आहे. शब्दाचा मूळ अर्थ 'सरासरी' एवढाच असला, तरी सरासरी कशाची हे सांगण्याची गरज मराठी वक्त्याला वाटत नाही. 'मायलेज' हा पर्यायी शब्द मैलावरून आला आहे आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाऊ लागल्यावरही टिकून आहे. प्रस्तुत लेखात 'ॲव्हरेज' हाच शब्द वापरला आहे.

घट खरी आहे काय?

निदानाची पहिली पायरी यांत्रिक नसून गणिताची आहे. पाचशे रुपयांचे पेट्रोल घालून काटा पुन्हा तांबड्या रेषेवर येईपर्यंत किती किलोमीटर झाले, हे पाहण्याची पद्धत रूढ आहे. परंतु जुन्या गाडीचा इंधनदर्शक काटा इतका भरवशाचा नसतो. योग्य पद्धत 'टाकी ते टाकी' ही होय. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, अंतरमापकावरील आकडा टिपावा, किमान दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि त्याच पंपावर, गाडी त्याच बाजूस उभी करून, पुन्हा नोझल बंद होईपर्यंत भरावे. कापलेल्या अंतरास दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागले असता खरा आकडा मिळतो. ३०० किलोमीटरना ३० लिटर लागले, तर ॲव्हरेज १० आहे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. दोन टाक्यांचे आकडे जुळले म्हणजे घट खरी मानावी.

अंतरमापकही फसवतो. त्याची केबल जीर्ण होऊन मधेच अडकू लागली, तर गाडी धावते पण आकडा पुढे सरकत नाही, आणि ॲव्हरेज कागदोपत्रीच घटते. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी दहा किलोमीटरचे अंतर ताडून पाहिले म्हणजे हा संशय फिटतो. नवे टायर घातल्यावर येणारी लहान घटही पुष्कळदा अशीच आभासी असते. ओम्नीच्या १२ इंची चाकाची टायरसह त्रिज्या सुमारे २७ सेंटिमीटर असते. झिजलेल्या टायरच्या जागी नवा आला की ती पाच-सहा मिलिमीटरनी वाढते. परिणामी तेवढ्याच अंतरात चाकाचे फेरे सुमारे दोन टक्के कमी होतात आणि अंतरमापक तितके कमी अंतर दाखवितो.

इंधन

संशयाचे पहिले बोट नेहमी पेट्रोल पंपाकडे वळते. मापाबद्दल शंका असल्यास ग्राहकास पंपावरील पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागता येते. हे माप वैधमापनशास्त्र विभागाकडून मुद्रांकित केलेले असते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तूट अनुज्ञेय आहे. भेसळीच्या प्राथमिक चाचणीसाठी गाळणकागदही मागता येतो: त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर तेलकट डाग उरता कामा नये.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाचा वाटा मात्र खरा आहे, जरी तो सांगितला जातो तेवढा मोठा नाही. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये सुमारे २१. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी असते. भारतात १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले आणि २० टक्के मिश्रणाची विक्री २०२३ पासून सुरू झाली. दहावरून वीस टक्क्यांवर जाताना होणारी घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे १४ चे साडेतेरा झाले, तर इथेनॉलकडे बोट दाखविता येईल. १४ चे १० झाले, तर नाही. जुन्या गाडीत इथेनॉलचा अधिक मोठा उपद्रव अप्रत्यक्ष आहे. त्या काळच्या रबरी नळ्या व पडदे या मिश्रणासाठी घडविलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात आणि चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाण्याचा थर तळाशी बसू शकतो.

गळती

पेट्रोलचा वास हे लक्षण सर्वांत आधी तपासावयाचे आहे. आसन उचलून नळ्या, पंप व कार्बोरेटरचा तळ पाहावा. ओला डाग किंवा तीव्र वास आढळल्यास गाडी चालवू नये आणि तीत मुलांना बसवू नये. तापलेला एक्झॉस्ट व ठिणगी देणारे वितरक-यंत्र तेथून फार दूर नसते.

याहून फसवी एक गळती बाहेर दिसतच नाही. कार्बोरेटर असलेल्या ओम्नीत इंजिनावर बसविलेला यांत्रिक इंधनपंप असतो. त्यातील पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरू लागते. जमिनीवर थेंब पडत नाही, धूर फारसा बदलत नाही, पण टाकी रिकामी होते. ऑइलच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसणे आणि तिला पेट्रोलचा वास येणे ही याची खूण होय. जुन्या गाडीत ऑइल कमी होणे स्वाभाविक आहे. ते वाढत असेल तर ती शुभवार्ता नव्हे. पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही, म्हणून अशा वेळी पंप बदलण्याबरोबर ऑइल व त्याचा फिल्टरही बदलणे अनिवार्य ठरते.

रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीतून पेट्रोल काढून नेले जाणे हे कारण यंत्रशास्त्राच्या कक्षेत येत नाही, तथापि ते विसरू नये. संध्याकाळचा व सकाळचा काटा दोन-तीन दिवस ताडून पाहिल्यास उलगडा होतो.

चाके व ब्रेक

इंजिन निर्दोष असूनही गाडी स्वतःशीच झगडत असू शकते. पहिल्या पावसानंतर हँडब्रेकची केबल गंजून अडकते आणि मागील ड्रममधील ब्रेक-शू पूर्ण सुटत नाहीत. सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न वापरता आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात नेला असता दोषी चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम जाणवते. रिमला स्पर्श करू नये. तापमान भाजण्याइतके असू शकते. जॅकवर उचललेले चाक हाताने फिरवून पाहणे हा दुसरा पुरावा होय. टायरमधील हवा थंड स्थितीत मोजावी. छतावरील कॅरिअर, नव्याने बसविलेली लोखंडी जाळी किंवा वाढलेले सामान हेही याच वर्गात मोडतात.

क्लच घसरणे सहज ओळखता येते: चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

प्लगची साक्ष

यानंतर स्पार्क प्लग बाहेर काढावेत. तीन सिलिंडरांचे तीन प्लग क्रमाने मांडून ठेवल्यास निम्मे निदान तेथेच होते. टोकाचा रंग फिकट तपकिरी असणे निरोगी आहे. तिन्ही प्लगांवर कोरडी काळी काजळी असेल, तर सर्व सिलिंडरांना पेट्रोल अधिक मिळत आहे, म्हणून दोष सर्वांना समाईक असलेल्या भागात शोधावा: एअर फिल्टर, चोक, कार्बोरेटर. एकच प्लग काळा किंवा ओला असेल, तर दोष त्या सिलिंडरापुरता आहे: प्लग स्वतः, त्याची वायर, किंवा जळलेला व्हॉल्व्ह. या शेवटच्या शक्यतेसाठी कॉम्प्रेशन मोजावे लागते. काजळीऐवजी तेलकट थर असल्यास प्रश्न पेट्रोलचा नसून ऑइलचा आहे.

काळ्या प्लगांच्या बाबतीत प्रथम चोक पाहावा. चोकची केबल अर्धवट अडकून राहिली तर गाडी दिवसभर पहाटेच्या थंड इंजिनासारखी पेट्रोल पीत राहते. त्यानंतर फ्लोट व त्याची सुई: सुई झिजली किंवा फ्लोटमध्ये छिद्र पडून पेट्रोल शिरले, तर कार्बोरेटर भरून वाहतो आणि गरम इंजिन बंद करून लगेच सुरू करताना त्रास होतो. गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ केल्यानंतरच घट सुरू झाली असेल, तर मूळ मापाचा जेट बदलला गेला काय, हे विचारणे रास्त आहे.

प्लग स्वच्छ असूनही ॲव्हरेज गेले असल्यास प्रज्वलनाच्या वेळेकडे वळावे. जुन्या वितरक-यंत्रातील पॉइंट झिजले की त्यांतील अंतर बदलते आणि ठिणगी उशिरा पडते. येथे एक भाग सातत्याने दुर्लक्षिला जातो, तो म्हणजे व्हॅक्यूम ॲडव्हान्स. बेताच्या वेगाने गाडी चालत असताना हा लहानसा पडदा ठिणगी लवकर पाडतो. तो फाटला तर पूर्ण जोर लावताना गाडीत काहीच उणे वाटत नाही, फक्त रोजच्या संथ चालीत पेट्रोल अधिक जाते. मेकॅनिक गाडी जोरात पळवून पाहतो, 'ओके' म्हणतो आणि दोष तसाच राहतो. वितरकाकडील पडद्याशी जोडलेली नळी कार्बोरेटरच्या टोकाकडून काढून तोंडाने ओढली असता ओढ टिकून राहिली पाहिजे. हवा सरळ येत असेल तर पडदा गेला आहे.

प्रदूषण-तपासणीचे प्रमाणपत्र या कामी उपयोगी पडते. मागील प्रमाणपत्रावरील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा नव्याशी ताडावा. तो बराच वाढला असेल तर मिश्रणात पेट्रोल अधिक आहे. हा वायू विषारी व गंधहीन असल्याने, एक्झॉस्टला छिद्र असलेल्या व्हॅनमध्ये खिडक्या बंद करून मुलांना नेणे धोक्याचे आहे.

थर्मोस्टॅट आणि अंतःक्षेपण प्रणाली

उन्हाळ्यात इंजिन तापू लागले की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा अनेक गॅरेजांत आहे. तापण्याचे खरे कारण तुंबलेला रेडिएटर किंवा न फिरणारा पंखा असते. थर्मोस्टॅट काढल्याने ते झाकले जाते एवढेच. पाणी सतत फिरत राहिल्याने इंजिन योग्य तापमानास पोहोचण्यास फार वेळ लागतो, आणि शाळेच्या छोट्या फेऱ्यांत तर ते पोहोचतच नाही. एमपीएफआय गाडीत याचा परिणाम अधिक होतो, कारण संगणक थंड इंजिनाला अधिक पेट्रोल देतो. पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडून सतत 'थंड' असे कळवू लागला तरी हेच घडते. तापमानाचा काटा अर्धा तास चालविल्यावरही तळाशी असेल, तर प्रथम थर्मोस्टॅट जागेवर आहे काय हे पाहावे. काटा योग्य जागी असूनही प्लग काळे असतील, तर ऑक्सिजन सेन्सर व इंजेक्टर यांची तपासणी स्कॅनरवर करून घ्यावी. इशारा देणारा दिवा पेटला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. मंद झालेला सेन्सर दिवा न पेटविताही चुकीचे आकडे देऊ शकतो.

एलपीजीवर चालणाऱ्या व्हॅन

अनेक ओम्नी एलपीजीवरही चालतात. एका लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्याने दोन्ही इंधनांचे ॲव्हरेज स्वतंत्र मांडावे. कार्बोरेटरच्या गाडीत गॅसवर जाताना पेट्रोल बंद करणारा विद्युत-व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही, तर इंजिन एकाच वेळी दोन्ही इंधने घेते. गॅसवरच चालविलेल्या गाडीच्या पेट्रोल-टाकीची पातळी उतरत असेल, तर अन्यत्र शोध घेण्याचे कारण उरत नाही.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच भाग बदलावा आणि त्यानंतर पुन्हा टाकी ते टाकी मोजावे. प्लग, फिल्टर, जेट व पॉइंट एकदम बदलून ॲव्हरेज परत आले, तरी दोष कशात होता हे कळत नाही आणि पुढच्या खेपेस सर्व खर्च पुन्हा करावा लागतो. मोजमापाचे आकडे तारीख, किलोमीटर व लिटर अशा तीन रकान्यांत गाडीतच ठेवलेल्या वहीत लिहिल्यास मेकॅनिकशी बोलताना 'पूर्वी बरे होते' याऐवजी नेमकी तारीख सांगता येते.