सोनोग्राफीच्या वेळचा तो फॉर्म

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एक गरोदर सून म्हणाली, "ताई, सोनोग्राफी झाली पाच मिनिटांत, पण कागदांनाच अर्धा तास गेला. ओळखपत्र द्या, सही करा. एवढं कशाला?" सही कशावर केली, ते तिला माहीत नव्हतं. खरं सांगू? माझ्या पहिल्या खेपेला मीसुद्धा न वाचताच सही केली होती. म्हणून आज त्या कागदाची गोष्ट सांगते.

१९७०च्या दशकात आपल्या देशात गर्भजल परीक्षण आलं. सुईने गर्भजल काढून बाळाला जन्मजात आजार आहे का, हे बघायचं. पण त्यातून मुलगा की मुलगी हेही कळायचं. आजार शोधायला आलेली तपासणी मुली पाडण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, कार्यकर्ते याविरुद्ध उभे राहिले. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. १९९४ साली देशाचा कायदा झाला आणि १९९६ पासून तो लागू झाला.

तोवर सोनोग्राफी तालुक्यापर्यंत पोचत होती. तिला सुई लागत नाही, दुखत नाही. पुढे तर यंत्र गाडीत घालून नेता येऊ लागलं. कायदा मात्र कागदावरच राहिला. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ राहिल्या.

२००० साली मुंबईची 'सेहत', पुरंदर तालुक्यात बायकांबरोबर काम करणारी 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा नीट राबवा, असं न्यायालयाने सरकारांना बजावलं. २००३ साली कायदा आणखी कडक झाला. नोंदणी नसलेल्या केंद्राला यंत्र विकायला बंदी आली. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवायची, तोच हा 'एफ फॉर्म'. त्यात आपण लिहून देतो की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. डॉक्टर लिहून देतात की मी ते तपासलं नाही, कुणाला सांगितलंही नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. लिंगतपासणी झालीच, तर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी बाईवर जबरदस्ती केली, असंच कायदा धरून चालतो. तसं नाही, हे दुसऱ्यांनी सिद्ध करायचं.

तरीही २०११ साली तो आकडा ८९४ वर आला. म्हणजे नुसत्या फॉर्मने भागत नाही. घरात "एकदा बघून घेऊ या" असं कुणी म्हटलं, तर "नाही" म्हणणारं माणूसही घरातच लागतं. सासू असाल तर तुम्ही म्हणा, जाऊ असाल तर तुम्ही.

सोनोग्राफीला घाबरू नका, बाळाच्या तब्येतीसाठी ती हवीच. फक्त सही करण्याआधी फॉर्म वाचा. वाचता येत नसेल, तर "वाचून दाखवा" म्हणा. पुढच्या बैठकीत आपण तो फॉर्म मिळून वाचू या. येताना सुनांना घेऊन या!