धुक्यातील चिखलदरा आणि निवडक फोकस

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे सुमारे १,१०० मीटर उंचीवरील थंड हवेचे ठिकाण. पावसाळ्यात येथील दऱ्या धुक्याने भरतात. छायाचित्रकार अशा वेळी एखाद्या गवताच्या पात्यावरच फोकस साधून उर्वरित दृश्य हेतुपुरस्सर धूसर ठेवतात. भिंगाचे छिद्र मोठे केले, म्हणजे एफ २.८ किंवा त्याहून लहान आकडा निवडला, की स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. पाते जितके जवळ, तितका अधिक.

मात्र धुके आणि भिंगाची धूसरता एक नव्हे. धुके रंग फिके करते, पण कडा बहुधा राखते. भिंग कडाच विरघळवते. दोन्ही एकत्र आल्यास मागील गाविलगड नुसता करडा डाग उरतो आणि चित्र कोणत्याही डोंगराचे वाटते. धुके विरळ असताना दोन पावले मागे सरून छिद्र एफ ८ पर्यंत लहान केल्यास किल्ल्याच्या माथ्याची रेषा निदान ओळखू येते.