खुर्ची आणि दार
१९३३ साली अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट या खाण-अपघातात अपंगत्व आलेल्या अभियंत्याने हॅरी जेनिंग्ज या मित्रासह घडीची व्हीलचेअर घडविली. १९७८ मधील अपघातानंतर मॅरिलिन हॅमिल्टन यांनी हँग-ग्लायडर बनविणाऱ्या मित्रांकरवी ॲल्युमिनियमची हलकी खुर्ची करून घेतली. दोन्ही वेळा विचाराचा आरंभ बसणाऱ्यापासून झाला.

सेवाकाळात मी मात्र एका शिबिरात एकाच मापाच्या खुर्च्या वाटल्या व आकडा अभिमानाने वर कळविला. पुढे एका लाभार्थीच्या घरी गेलो. खुर्ची ओसरीवरच होती. दार अरुंद होते.

२०२५ साली आयआयटी मद्रासने ९ किलोची, मापानुसार बनणारी खुर्ची सुमारे ७५,००० रुपयांत आणली. एवढा खर्च न झेपणाऱ्यानेही खरेदीपूर्वी बसणाऱ्याची कंबर व घराचे दार मोजावे. मी ते मोजले नव्हते.