दाबोळी ते मुंबई : अंतर आणि आडकाठी

गोव्यातील दाबोळीचा विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ ह्यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणजे २६५ मैलांच्या घरात भरते. आजचे जेट विमान ते पाऊण तासात सहज कापील. तरी वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपासचा आकडा आढळतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आणि मुंबईच्या आकाशात घिरट्या घालीत बसणे हेही प्रवासातच मोजावे लागते.

मौज अशी की, दाबोळीच्या आरंभीच्या वर्षांत तेथून उडणारी डग्लस डीसी-४ सारखी पंख्यांची विमाने ताशी साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास वेगाने जात. म्हणजे मुंबई गाठावयास त्यांनाही सव्वा तासच लागला असता. 'लागला असता' असेच म्हणावे लागते, कारण मुंबईचे दार त्यांना बंद होते.

हा विमानतळ १९५५ साली सुरू झाला, तोच मुळी ह्या आडकाठीतून. भारताने गोव्याची आर्थिक कोंडी त्याआधीच आरंभिली होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि उरलेसुरले दळणवळणही तुटले. मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी आगगाडी थांबली. परवान्यावाचून सीमा ओलांडणे अशक्य झाले. मुलगा मुंबईत चाकरीला आणि आईबाप गोव्यात, अशी कुटुंबे थोडीथोडकी नव्हती. त्यांच्या लेखी ते २६५ मैल कोणत्या हिशेबाने मोजावयाचे?

पोर्तुगीज सरकारने टी. ए. आय. पी. ह्या आद्याक्षरांची हवाई कंपनी काढून दमण, दीव आणि कराचीकडे विमाने धाडली. दमणला जाणारे विमान भारताची हद्द टाळीत समुद्रावरून, मुंबईला बगल देऊन जाई. कराची दाबोळीपासून सुमारे १२६५ किलोमीटर; तेथून मुंबई आणखी पावणेनऊशेच्या आसपास. कराचीचा वळसा घेऊन कोणी मुंबईस येऊ म्हणता, तर मूळ अंतराच्या पाचपट पल्ला पडला असता! नकाशावर बेळगावचे सांबरे विमानतळ दाबोळीपासून अवघे शंभर किलोमीटर, पण गोव्याच्या उतारूला बाहेरच्या जगाचे दार होते ते कराचीचे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी ही वाट मिटली. पुण्याहून निघालेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. विमानतळाच्या इमारतीला मात्र धक्का लावावयाचा नाही, अशी आज्ञा होती. दाबोळीवर त्या वेळी दोन मोठी प्रवासी विमाने उभी होती. धावपट्टीचा जो भाग शाबूत राहिला, तेवढ्यावरून ती त्या रात्री अंधारात उडाली. आत पोर्तुगीज अधिकाऱ्यांचे कुटुंबीय होते. विमाने गेली ती नेहमीच्याच वाटेने, कराचीला. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. १९६२ च्या एप्रिलात दाबोळी भारतीय नौदलाच्या ताब्यात आली.