रक्ताचा मुंबई गट

बंगळूरच्या शिवाजीनगरात बोअरिंग रुग्णालय आहे. म्हैसूरचे एकेकाळचे कमिशनर लेविन बोअरिंग यांचे नाव ते आजही धारण करून आहे. परिसरात कानडी, तामीळ, उर्दू अशा भाषांचा मेळा. परंतु रक्ताची निकड भासली म्हणजे भाषा आणि जातपात बाजूला राहतात आणि एकच प्रश्न उरतो: कुणाचे रक्त कुणाला चालेल? आज त्याचे उत्तर चिठ्ठीवरचे एक अक्षर देते. त्या अक्षरामागचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

आयुर्वेदाने सप्तधातूंत रक्ताला दुसरे स्थान दिले. रक्त शरीरात सतत फिरत असते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली सप्रमाण मांडले. मग एकाचे रक्त दुसऱ्यास देण्याचा मोह माणसाला झाला. १६६७ साली फ्रान्समध्ये झां-बातिस्त देनी यांनी कोकराचे रक्त माणसाच्या शरीरात घातले. पुढे अशा प्रयोगांतील एक रोगी दगावला, खटला झाला आणि हे प्रयोग बंद पडले. सुमारे दीडशे वर्षांनी, १८१८ साली, लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचेच रक्त माणसाला देऊन पाहिले. तरीही काही रोगी वाचत, काही दगावत. असे का, ते कुणालाच उमगेना.

हे कोडे व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी सोडविले. आपल्या सहकाऱ्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी आणि रक्तजल वेगळे करून त्यांनी ते एकमेकांत मिसळून पाहिले. काही मिश्रणांत पेशींचे पुंजके झाले, काहींत झाले नाहीत. १९०१ साली त्यांनी तीन गट वर्णिले. पुढच्याच वर्षी चौथा मिळाला. ए, बी, एबी आणि ओ ते हेच. पेशीच्या पृष्ठभागावर ए किंवा बी नावाची खूण असते. जी खूण आपल्याजवळ नाही, तिच्याविरुद्धचे प्रतिद्रव्य रक्तजलात असते. ओ गटाच्या पेशींवर दोन्ही खुणा नसतात. म्हणून हा गट सर्वांना चालणारा दाता मानला गेला. या शोधाला १९३० चे नोबेल पारितोषिक लाभले.

या नियमाला अपवाद सापडला तो आपल्या मुंबईत. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना अशा तीन व्यक्ती आढळल्या, की ज्यांचे रक्त तपासणीत ओ सारखे दिसे, पण त्यांचे रक्तजल ओ गटाच्याही पेशींचे पुंजके करी. इंग्लंडमधील संशोधकांच्या साह्याने १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. जगभर तो ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला जातो.

याचे कारण असे. ए आणि बी या खुणा ‘एच’ नावाच्या पायावर उभारलेल्या असतात. ओ गटात केवळ तो पायाच असतो. मुंबई गटात पायाच नाही. मग वर इमारत कोठून येणार? म्हणून अशा माणसाला फक्त याच गटाचे रक्त चालते. भारतात सुमारे १०,००० माणसांत एक, तर युरोपात सुमारे दहा लाखांत एक, इतका तो विरळ आहे. आई व बाप या दोघांकडूनही विशिष्ट दोष आला तरच तो प्रकट होतो. साहजिकच जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो.

यात एक कौटुंबिक बोधही आहे. मुंबई गटाच्या स्त्रीच्या ठायी बी खुणेचे बीज सुप्त असू शकते. चिठ्ठीवर तिचा गट ओ, पतीचाही ओ, आणि मूल मात्र बी गटाचे निपजते. नियम वरवर जाणणारा मनुष्य अशा वेळी त्या माउलीच्या चारित्र्यावर संशय घेईल. वास्तविक अपुरी असते ती तपासणी. १९५५ साली फिलिप लेव्हीन यांनी एका इटालियन वंशाच्या कुटुंबाच्या अभ्यासातून अशी दडलेली खूण पुढील पिढीत उतरते, हे दाखविले.

म्हणून, श्रोते हो, ‘ओ’ एवढ्याच अक्षरावर विसंबू नये. रक्त देण्यापूर्वी दाता व रोगी यांचे रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहण्याची पद्धत आहे, ती याचसाठी; घाईतही तिला फाटा देऊ नये. रक्ताचे नाते म्हणून आपण कुळाकडे बोट दाखवितो. पण मुंबई गटाच्या रोग्याला त्याचा सखा भाऊ उपयोगी पडला नाही, तर दूरच्या गावचा कुणी अनोळखी मनुष्य प्राण देऊन जातो. रक्ताचे खरे नाते कोठे जुळेल, हे आधी सांगता येत नाही.